पाळीची वही

सोमवारी सकाळी ग्रंथालयाचं दार उघडलं आणि बाईंच्या नजरेत सगळ्यात आधी भरली ती फट. तिसऱ्या कपाटात, प्राण्यांच्या पुस्तकांच्या रांगेत, दोन पुस्तकं नव्हती आणि बाकीची एकमेकांच्या अंगावर कलली होती. लोककथांच्या रांगेतही एक फट. खेळांच्या रांगेत आणखी एक. एकोणतीस वर्षं रोज त्याच फळ्यांवरून फडकं फिरवणाऱ्या माणसाला पुस्तकं मोजावी लागत नाहीत. चोरी म्हणावी, तर पुस्तकं चोरायची अक्कल असती तर चोर चोर कशाला झाले असते, असं बाई स्वतःच नेहमी म्हणायच्या.

टेबलावर पेपरवेटखाली चिठ्ठी होती. ‘आक्षेपार्ह पुस्तके, नग १४, कार्यालयात जमा. वही, नग १, कार्यालयात जमा.’ खाली हेडक्लार्कची सही आणि सहीवर गोल शिक्का.

नग. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. पुस्तकाला नग म्हणतो, आणि स्वतः केवढा मोठा नग आहे ते याला कुणी सांगितलं नाही वाटतं. हेडक्लार्कला सगळी शाळा शिक्केसाहेब म्हणायची. तो माणूस कागद वाचायच्या आधी त्यावर शिक्का मारायचा, आणि बऱ्याचदा मारून झाल्यावरही वाचायचा नाही. बाई पर्स न ठेवताच कार्यालयात गेल्या.

आता या बाई कोण, ते सांगायला हवं. शाळेच्या ग्रंथपाल. कागदोपत्री त्यांना नाव आहे, पण शाळेत ते कुणी वापरलेलं ऐकलं नाही. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, बोटांना डिंक. नोकरीला लागल्या तेव्हा ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची अडगळ होती. पुस्तकं कुणी तरी भेट म्हणून टाकलेली, निम्मी वाळवीनं वाचून संपवलेली. बाईंनी ती खोली माणसात आणली. आणि आठ वर्षांपूर्वी, दर वर्षी कुणी ना कुणी विक्रेता संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीनं रद्दी खपवून जातो म्हणून चिडून, त्यांनी दोन पानांची नियमावली लिहिली. पुस्तक घेण्याआधी ग्रंथपालानं ते वाचायचं, एका शिक्षकानं वाचायचं, चार मुलांनी वाचून दोन-दोन ओळी लिहायच्या. कुणी आक्षेप घेतला, तर ग्रंथालय समितीतल्या प्रत्येकानं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. निर्णय होईपर्यंत पुस्तक फळीवरून हलवायचं नाही. खाली अध्यक्षांची सही होती. सही करताना त्यांनी ती दोन पानं वाचली होती का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आता विचारायची गरज उरली नव्हती.

शिक्केसाहेबांच्या टेबलाशेजारी, मोडक्या पंख्याखाली, चौदा पुस्तकं सुतळीनं बांधून ठेवली होती.

“शनिवारी अध्यक्षांचा फोन आला,” शिक्केसाहेब म्हणाले. “सहावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी आक्षेप अर्ज दिलाय. शाळेतून पाळीचं पुस्तक मुलींना वाटतात म्हणून. अध्यक्ष म्हणाले, असली सगळी उचला. मी तुमची यादी कॉम्प्युटरवर उघडली, ‘पाळी’ टाकलं, बटण दाबलं. चौदा निघाली. पाच मिनिटांचं काम.”

बाईंनी सुतळी सोडली. “हे ‘पाळीव प्राण्यांची निगा’. कुत्र्यामांजरांचं पुस्तक आहे, साहेब.”

“शब्द आहे ना त्यात?”

“हे ‘पाण्याची पाळी’. कालव्याचं पाणी कोणत्या शेताला कधी मिळतं, त्याचं आहे. हे ‘रात्रपाळी’, एका नर्सची गोष्ट. आणि हे? ‘नेपाळी लोककथा’?”

शिक्केसाहेबांनी पुस्तक हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले आणि मुखपृष्ठावर बोट ठेवलं. “ने, पाळी. आहे की.”

“‘कपाळी नव्हतं ते’ हेही यातच?”

“हे बघा बाई, मला शोधायला सांगितलं होतं. अर्थ लावायला कुणी सांगितलं नव्हतं.”

हे मात्र खरं होतं. त्या माणसानं आयुष्यात कशाचाही अर्थ लावल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“आणि माझी वही?”

इथे शिक्केसाहेबांनी आवाज खाली आणला. “ती तर आधी उचलली. कव्हरवर मोठ्या अक्षरात ‘पाळीची वही’. आत मुलींची नावं आणि नावापुढे तारखा. अध्यक्षांना फोनवर सांगितलं तर ते मिनिटभर बोललेच नाहीत. मुलींच्या असल्या तारखा शाळेनं लिहून ठेवायच्या म्हणजे काय?”

बाईंना आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की त्यांनी हातातली सुतळी बोटाला करकचून गुंडाळली. ज्या पुस्तकाला मागणी फार, त्यासाठी मुलं त्या वहीत नाव घालत. पाळी आली की पुस्तक मिळे, म्हणून ती पाळीची वही. वीस वर्षं ती वही टेबलावर दोऱ्यानं बांधून ठेवलेली असे. “सातवीतल्या तेरा मुलग्यांचीही नावं आहेत त्यात,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या तारखांचं काय ठरलं मग?”

शिक्केसाहेबांनी पुस्तकांचा गठ्ठा बाईंकडे सरकवला. त्यांनी सगळ्या चौदा पुस्तकांवर, पहिल्याच पानावर, ‘आक्षेपार्ह’ असा जांभळा शिक्का मारून ठेवला होता. बाईंनी ते शिक्के एकेक करून पाहिले. आक्षेपाच्या अर्जाची झेरॉक्स तेवढी मागून घेऊन त्या बाहेर पडल्या.

आणि गंमत अशी की ज्या पुस्तकावरून हे सगळं पेटलं, ते या चौदांत नव्हतंच. त्याचं नाव ‘घाबरू नकोस, ऐक’. एका डॉक्टरबाईंनी लिहिलेलं, साठ पानांचं. नावात तो शब्द नाही, यादीत विषयाच्या रकान्यात ‘आरोग्य’. एकच प्रत, आणि ती अजून त्या सहावीतल्या मुलीच्याच घरी होती, गुरुवारी परत यायची होती. अर्ज करणाऱ्या वडिलांनीही पुस्तकाचं नाव लिहिलं नव्हतं. म्हणजे अध्यक्षांना नाव माहीत नाही, शिक्केसाहेबांना नाही. अख्ख्या शाळेत त्या पुस्तकाचं नाव घेऊ शकतील अशी दोनच मोठी माणसं होती. एक बाई, आणि दुसरे गणिताचे सर. दोन वर्षांपूर्वी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून ते पुस्तक निवडीच्या वेळी सरांकडे वाचायला गेलं होतं. सरांनी ते दोन दिवसांत परत दिलं आणि कागदावर लिहिलं, ‘भाषा सोपी. चित्रे स्पष्ट. घ्यावे.’

मुख्याध्यापिकांना हे सगळं मधल्या सुट्टीपर्यंत कळलं. त्यांनी बाईंना आत बोलावलं, दार लावलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “बाई, तुमचं पुस्तक तर सुटलंय ना? मग आता गप्प बसा. गुरुवारी समिती बसेल, चौदा पुस्तकं रद्द होतील, अध्यक्षांचं समाधान होईल. कुत्र्यामांजरांची पुन्हा मागवू हळूहळू. झाकली मूठ राहू दे.”

बाईंना तो मोह पडला नाही असं नाही. खरं तर दिवसभर त्या तोच हिशेब करत होत्या. गप्प बसलं की पुस्तक वाचतं. बोललं तर ते समितीपुढे जाणार, आणि ही समिती ते वाचून वाचून काय वाचणार?

शिवाय अर्ज त्यांच्या मनात सलत होता. छापील आक्षेप अर्ज, त्यावर त्या वडिलांचं मोठं, वळणदार नसलेलं अक्षर. ‘माझी मुलगी सहावीत आहे. तिने शाळेतून पाळीचे पुस्तक घरी आणले. मला काही माहीत नव्हते. घरी तिची आई नाही. पुस्तक वाचून मुलगी खूप रडली आणि’. पान तिथे संपत होतं. मुलगी रडली. कार्यालयात, स्टाफरूममध्ये, फोनवर, सगळीकडे तेच चाललं होतं. बघा, पुस्तक वाचून पोर रडली. आपण दिलेल्या पुस्तकानं एक पोर रडली, हे बाईंना कुणाच्याही शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी घरी त्यांनी आईला सांगितलं. आई त्र्याऐंशीची, ऐकू कमी, बोलणं भरपूर. ओट्याशी स्टूल टाकून शेंगा सोलत होती.

“रडली तर रडली,” आई म्हणाली. “तू नव्हतीस रडली?”

बाई रडल्या नव्हत्या. तेच तर होतं. अकरा वर्षांच्या असताना, शाळेत, गणिताच्या तासाला फ्रॉकवर डाग दिसला आणि त्या संडासात जाऊन कडी लावून बसल्या. आपण मरणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पोटातून रक्त जातं म्हणजे माणूस मरतं, एवढं त्यांना माहीत होतं. रडण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्यांनी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मृत्युपत्र लिहिलं. कंपासपेटी धाकट्या भावाला. रंगीत खडू भावालाच, पण त्यानं तोडायचे नाहीत. निळी रिबीन आईला. घरी आल्यावर आईनं एक कापड हातात दिलं आणि म्हणाली, कुणाला सांगू नकोस. बस्स, एवढंच. मरणार नाहीस, हेही सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही आपण जिवंत आहोत हे पाहून मगच त्यांना ते कळलं.

“तू मला आधी काही का सांगितलं नाहीस?” बाईंनी विचारलं. चौपन्न वर्षांच्या झाल्या, पण हे कधी विचारलं नव्हतं.

“मला तरी कुणी सांगितलं होतं? मी तुला काय सांगणार, कपाळ?” आईनं शेंगेचं टरफल टाकलं. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “तुझी ती वही सापडली होती मला. रिबीन माझ्या नावे केली होतीस.” आणि मग एकदम मोठ्यानं, “आता तोंड मिटून बसायला तिथे तुला नोकरीला ठेवलंय का? देवानं तोंड दिलंय ते काय नुसते घास घालायला?”

बाईंनी अर्जाची झेरॉक्स पुन्हा काढली. खूप रडली आणि. आणि काय? पूर्णविराम नाही. एकोणतीस वर्षं मुलांच्या दोन-दोन ओळी वाचणाऱ्या बाईला एवढं सकाळीच दिसायला हवं होतं. कुणीही माणूस ‘आणि’ म्हणून उठून जात नाही. बाईंनी स्वतःलाच मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. मी ज्यांना नावं ठेवतेय, त्यांच्यासारखंच अर्धवट वाचलं.

गुरुवारी दुपारी समिती बसली. अध्यक्ष टेबलाच्या टोकाला, मुख्याध्यापिका, गणिताचे सर, पालकांच्या वतीनं एक ड्रायक्लीनिंगवाल्या ताई, आणि इतिवृत्त लिहायला सचिव म्हणून बाई. शिक्केसाहेब फाइल घेऊन दाराशी. टेबलावर चौदा पुस्तकं आणि पाळीची वही.

“विषय नाजूक आहे,” अध्यक्ष म्हणाले. “फार चर्चा नको. पुस्तक वाचून एक निरागस मुलगी रडली. मी बापाच्या काळजानं बोलतोय. ही सगळी रद्द करू आणि मोकळे होऊ.”

“नियमाप्रमाणे सभासदांनी पुस्तक वाचलेलं असायला हवं,” बाई म्हणाल्या. “यातलं कोणतं वाचलंत आपण?”

“असली पुस्तकं मी वाचावीत अशी तुमची अपेक्षा आहे?”

“‘पाळीव प्राण्यांची निगा’ तरी वाचायला हरकत नव्हती.”

ड्रायक्लीनिंगवाल्या ताईंनी पदर तोंडाला लावला. मुख्याध्यापिका बाईंकडे नुसत्या डोळ्यांनी ‘मूठ, मूठ’ म्हणत होत्या. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

“ज्या पुस्तकावर अर्ज आलाय ते यात नाहीच,” बाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता मागे फिरता येणार नाही. “त्याचं नाव ‘घाबरू नकोस, ऐक’. ते मी निवडलं. आणि मूळ अर्ज मला पाहायचाय. झेरॉक्स नको.”

“काय फरक आहे दोन्हींत?” अध्यक्ष म्हणाले.

“असला तर कळेल.”

शिक्केसाहेबांनी फाइल उघडली. अर्ज टाचणीनं लावला होता, वर शिक्का, ‘आक्षेप, तातडीचा’. बाईंनी टाचणी काढली आणि कागद उलटला. मागचं अख्खं पान भरलेलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचायला लागल्या.

“‘आणि मग हसली. म्हणाली, बाबा, मला वाटलं मला मोठा आजार झाला. तुम्हाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. चार महिने पोर एकटी हे घेऊन बसली होती. मी लिफ्ट दुरुस्त करतो. मला यातले काही समजत नाही, मी तिला काय सांगणार होतो? मीही पुस्तक वाचले. सात दिवसांत परत करायचे आहे, तरी आणखी थोडे दिवस ठेवू द्यावे ही विनंती. शाळेने अशी पुस्तके जास्त घ्यावीत. हा अर्ज आक्षेपाचा नाही. कार्यालयात दुसरा छापील अर्ज नाही असे सांगितले, म्हणून यावर लिहिले.’”

शिक्केसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

“मग हे त्यानं पहिल्या पानावर का नाही लिहिलं?” अध्यक्ष म्हणाले.

हे ऐकल्यावर बाईंचा एकोणतीस वर्षांचा बांध फुटला. आवाज चढला नाही त्यांचा, उलट खाली आला, आणि जे त्यांना ओळखत होते ते खुर्चीत सरळ झाले. “चौदा पुस्तकं उचललीत, त्यातलं एक उघडलं नाहीत. एक अर्ज आला, तो अर्धाच वाचलात. एका माणसानं लाज बाजूला ठेवून, बाप असून, हे कागदावर लिहिलं आणि तुम्ही त्याचा कागद उलटून पाहिला नाहीत. त्याच्या धन्यवादावर ‘आक्षेप’ म्हणून शिक्का मारलात. मुलीच्या रडण्याची तुम्हाला एवढी काळजी, तर ती पुढे काय करते ते वाचायचा कंटाळा का आला? पुस्तकं तपासायला बसलोय आपण इथे. तपासायची म्हणजे आधी वाचायची. यापलीकडे दुसरं काही नाही हो या कामात.”

गणिताचे सर खाकरले. तीन वर्षांत समितीत त्यांनी ‘संमत’ सोडून दुसरा शब्द उच्चारला नव्हता. “मी वाचलंय ते,” ते टेबलाकडे बघत म्हणाले. “घ्यावे असं मीच लिहिलंय. माझ्या दोन्ही मुलींना घरी नेऊन दिलं होतं, हेही सांगतो. सोमवारी बोलायला हवं होतं मी. बोललो नाही.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “ठीक आहे. गैरसमज झाला. पुस्तकं ठेवा जागेवर. विषय संपला. इतिवृत्तात लिहा, त्या विषयावर चर्चा झाली.”

बाईंनी पेन उचललं. “कोणत्या विषयावर?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. इतिवृत्ताला माहीत नाही.”

बाई पेन धरून थांबल्या. ड्रायक्लीनिंगवाल्या ताई आता उघड हसत होत्या. अध्यक्षांनी एकदा मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि मग खिडकीला सांगावं तसं म्हणाले, “पाळी.” बाईंनी तो शब्द स्वच्छ अक्षरात लिहिला. माफीचा शब्द मात्र कुणी काढला नाही, त्या वडिलांना बोलावून दोन गोड शब्द सांगावेत असंही कुणाला वाटलं नाही. आणखी प्रती घेण्याचा प्रस्ताव बाईंनी तिथेच मांडला, तर तो ‘विचाराधीन’ झाला. तो अजून विचाराधीनच आहे. विचार करायला एवढा वेळ का लागतो, तर तिथे ते काम कुणी करत नाही म्हणून.

पुस्तकं बाईंनी स्वतः उचलून नेली. जांभळे शिक्के काही पुसता आले नाहीत. पण मुलांच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. आठवड्याभरात ‘नेपाळी लोककथा’ला कधी नव्हे ती मागणी आली. आक्षेपार्ह काय आहे ते शोधायला सातवीतले मुलगे कुत्र्यामांजरांची औषधं पाठ करू लागले.

पण ते पुढचं. त्या गुरुवारी, शाळा सुटायच्या वेळी, बाई पाळीची वही पुन्हा दोऱ्यानं टेबलाला बांधत होत्या, तेव्हा ती मुलगी आली. दोन वेण्या, खांद्यावरून घसरणारं दप्तर. तिनं ‘घाबरू नकोस, ऐक’ टेबलावर ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.

“ठेव अजून,” बाई म्हणाल्या. “तुझ्या बाबांनी अर्ज केला होता. मी मंजूर केलाय.”

“नको,” मुलगी म्हणाली. “शाळेनं काही कळवलं नाही, म्हणून बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पहिल्यापासून. चित्रं तेवढी त्यांना जमली नाहीत.”

साठ पानं. लिफ्टच्या तेलानं काळे झालेले हात, आणि साठ पानं. ज्यांचं ते काम होतं, त्यांना एक कागद उलटवता आला नव्हता. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तरी समोरचं नीट दिसेना.

मुलीनं पाळीची वही आपल्याकडे ओढली आणि रकान्यावरून बोट फिरवत मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, “बाई, आता कुणाची पाळी?”

खिडकीशी वाचत बसलेल्या तिघी मुलींनी हात वर केले.